साहेब जिन्यात आहेत

पुकारा झाला तशी ती उठली, गळ्याजवळचे पांढरे बँड एका हाताने सरळ केले आणि पुढच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, साहेब जिन्यात आहेत. काम थोडं मागे ठेवावं, एवढी विनंती."

न्यायाधीश बाईंनी लगेच मान वर केली नाही. हातातल्या कागदावर सही केली, तो बाजूला सरकवला आणि मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"तुमच्या साहेबांचा जिना फार उंच दिसतो."

मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला. तीही हसली. न्यायाधीशांनी विनोद केला की आपणही हसायचं, पण दात न दाखवता, हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"ठेवते मागे," बाई म्हणाल्या. "पण हे काम आज होणार. मनाईची मुदत आज संपतेय. मी ती सारखी वाढवत बसणार नाही."

"हो, मॅडम."

साहेब जिन्यात नव्हते. साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या कोर्टात, एका मोठ्या माणसाचं काम चालवत होते आणि ते कधी संपेल हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. जिना हा त्यांचा शोध होता. चार वर्षांपूर्वी ती नवी कोरी सनद घेऊन त्यांच्याकडे आली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला समोर बसवून हे वाक्य शिकवलं होतं. ‘दुसऱ्या कोर्टात आहेत म्हणालीस, तर पट्टेवाल्याला बघायला पाठवतील. वाटेत आहेत म्हणालीस, तर विचारतील कुठल्या वाटेत. त्यापेक्षा जिना बरा. जिन्यातला माणूस आलेलाही नसतो आणि न आलेलाही नसतो.’ त्यांनी हे इतक्या गमतीने सांगितलं होतं की ती खळखळून हसली होती.

त्या संध्याकाळी तिने घरी आरशासमोर उभं राहून ते वाक्य घोकलं. बाबा दारात येऊन ऐकत राहिले. सगळी हयात त्यांनी प्राथमिक शाळेत काढली होती, अगदी लहान मुलांना मोठ्याने वाचायला शिकवण्यात. मूल अडखळलं तर ते कधी पुढचा शब्द सांगत नसत. मूल तो शोधेपर्यंत खडू बोटात फिरवत उभे राहत. तिचं घोकून झाल्यावर ते म्हणाले, "विनंतीवर आवाज पाडू नकोस. वाक्याचा शेवट गिळलास, की मागच्या बाकावरचं पोर अर्ध्यातच लोंबकळतं."

तिला वाटलं होतं, ही पहिली पायरी. पुढे आपण बोलू. पण चार वर्षं तिने अर्ज लिहिले, कागद लावले, जुने निवाडे उकरून काढले, पक्षकारांची रडगाणी ऐकली, आणि बोलायची वेळ आली की साहेब दारातून कोटाची बटणं लावत आत येत. ते येईपर्यंत कोर्ट थोपवून धरणं एवढंच तिच्या वाट्याचं बोलणं. रात्री घरी पोचावं तर आई आडवी झालेली असे आणि बाबा तिचं ताट झाकून बसलेले.

"आज बोललीस का?"

"बोलले."

"काय?"

"साहेब जिन्यात आहेत."

आई उठू नये म्हणून दोघं तोंडावर हात ठेवून हसत. ही चेष्टा दोघांतलीच होती. पुढे पुढे बाबांचं हसणं कमी झालं, विचारणं मात्र थांबलं नाही. त्यांचा आवाज चिरका झाला, मग घोगरा, तरी विचारत राहिले. घसा दाखवून घ्या, असं ती अधूनमधून म्हणे. तुला सवड झाली की जाऊ, असं ते म्हणत. दोघांनाही ते पटण्यासारखं वाटत असे.

आज दुपारी त्यांचं ऑपरेशन होतं. गाठ स्वरयंत्रालाच धरून होती, तेव्हा स्वरयंत्रच काढायचं. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. बाबांनी एकच गोष्ट विचारली होती, "कुजबुजता तरी येईल?" तेही येणार नव्हतं.

काल त्यांना दाखल केलं, तेव्हा ती ऑफिसात याच कामाचं उत्तर तयार करत होती. इस्पितळात पोचली तर भेटीची वेळ टळून गेलेली. सकाळी बाबांनीच फोन केला. "दुपारपर्यंत ये. मला तसं विशेष काही सांगायचं नाहीये. नुसतं बोलायचंय."

साहेबांनी रजा नाकारली नव्हती. साहेब वाईट नव्हते. "जा की," ते म्हणाले होते, "बापापुढे काम कसलं आलंय? फक्त सकाळचं ते पाळणाघराचं तेवढं मागे ठेव. मी आलो की तू मोकळी."

ती बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर पाळणाघरवाल्या बाई बसल्या होत्या, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा धरून. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या पाळणाघर चालवत. घरमालकाला त्या खोल्या हव्या होत्या. खोल्या खाली करवायला कोर्टाने घातलेली मनाई उठली की संध्याकाळच्या आत तो आपलं कुलूप घालणार, हे त्याने बाईंना तोंडावर सांगितलं होतं.

"काय म्हणाल्या हो?"

"थोड्या वेळाने घेतील."

"मग पोरांच्या आयांना काय सांगू? नेहमीच्या वेळी न्यायला या म्हणून सांगू की आत्ताच घेऊन जा म्हणून सांगू?" बाईंनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "एक कार्टं तर असं आहे, माझ्याशिवाय झोपतच नाही. त्याला मनाई वगैरे काय कळतंय?"

"होईल काहीतरी. तुम्ही पाणी प्या."

खांबाला टेकून टपाल उभा होता. तो तिच्याच बरोबरीचा, दुसऱ्या एका वकिलांकडे होता. सिनियरची कागदपत्रं या कोर्टातून त्या कोर्टात पोचवत हिंडतो म्हणून सगळे त्याला टपाल म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

"तू अजून इथेच? आज बाबांचं होतं ना?"

"साहेब आले की निघते."

"साहेब आणि येणार? बरं, ऐक. मी पुढच्या महिन्यात कंपनीत चाललो."

"खरंच ठरलं?"

"ठरलं. दिवसभर करार वाचायचे. संध्याकाळी तिथे दिवेच मालवतात, माणूस थांबतो म्हणाला तरी थांबू देत नाहीत. परवा बायकोला सांगितलं तर म्हणते, मग तू घरी येऊन करणार काय?"

ती हसली. "आणि बोलायला मिळेल तिथे?"

"कोणाशी? कराराशी?" टपालने काखेतला गठ्ठा सावरला. "आणि तू इथे काय रोज भाषणं ठोकतेस?"

तिने फोन चालू केला. साहेबांचा निरोप होता, अजून वेळ लागेल. तिने आईला फोन लावला, पण उचलला बाबांनी.

"काय वकीलसाहेब, तुमचे साहेब कुठे?" आवाज कागद घासल्यासारखा येत होता.

"जिन्यात."

ते हसले आणि हसता हसता खोकले. खोकला थांबेपर्यंत ती फोन कानाशी धरून उभी राहिली.

"आणि तू?"

"निघतेच आहे. नेणार कधी तुम्हाला?"

"आधीचा पेशंट आत आहे. तो आला की माझा नंबर. ये तू. वाट बघतो."

फोन बंद करून तिने कोटाच्या खिशात टाकला. तेवढ्यात पट्टेवाल्याने दारातून पुन्हा पुकारा केला.

या वेळी समोरच्या बाजूचे वकील आधीच उभे होते. ते म्हातारे होते आणि त्यांचा आवाज अजून खणखणीत होता. "मॅडम, घर माझ्या अशिलाचं आणि राहतात दुसरेच. यांचे साहेब किती दिवस जिना चढणार?"

"साहेब कुठे आहेत?" न्यायाधीश बाईंनी तिला विचारलं.

तिने तोंड उघडलं, पण वाक्य निम्म्यावर यायच्या आतच बाईंनी हात वर केला.

"जिन्याचं नका सांगू. या कामाचे कागद मी पाहिलेत. सगळीकडे अक्षर आणि सही तुमची आहे. काम तुम्हाला माहीत आहे. चालवत असाल तर आत्ता चालवा. तारीख मिळणार नाही. नसाल चालवत, तर मनाई उठवते. नाहीतर न चालवण्याचं एखादं खरं कारण द्या."

टपाल तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. तो तिच्या खांद्याशी वाकला. "सांग ना बापाचं ऑपरेशन आहे म्हणून. खरंच तर आहे. उद्यावर टाकतील. नाहीतर मी सांगतो, तू पळ."

खरं कारण होतं. अगदी जिभेवर होतं. याच टेबलाशी उभं राहून तिने साहेबांना ताप आणला होता, त्यांच्या मावशीला इस्पितळात घातलं होतं, त्यांची गाडी बंद पाडली होती. आता खरं सांगायचं तर ते त्याच सुरात येईल, असं तिला वाटून गेलं. पण थांबण्याचं कारण तेवढंच नव्हतं. समोर बाईंनी लेखणी हातात घेतली होती. लेखणीचं टोक कोऱ्या कागदावर टेकलेलं होतं, आणि त्या तिच्याकडे, फक्त तिच्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीतून कोणी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"मी चालवते, मॅडम," ती म्हणाली.

पहिली दोन वाक्यं टेबलापलीकडे गेली नाहीत. तिसऱ्याला तिने मागच्या भिंतीकडे पाहिलं, तिथल्या शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाकडे, आणि त्याला ऐकू जाईल असं बोलायला लागली. घरमालकाने पाळणाघरवाल्या बाईंना खोल्या कशा दिल्या, पाळणाघराची पाटी त्याने स्वतः उभं राहून कशी लावून घेतली, आजूबाजूला भाडी वाढल्यावर त्याला पोरांचा आवाज कसा सहन होईनासा झाला. कागद तिला चाळावे लागत नव्हते, हात लावावा तिथे हवा तो कागद निघत होता. म्हाताऱ्या वकिलांनी मध्येच हरकत घेतली. ती थांबली, त्यांचं पुरतं ऐकून घेतलं आणि त्यांनीच दाखल केलेला कागद त्यांच्याकडे फिरवून समोर ठेवला. ते त्यावर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. बाई लिहीत होत्या. एकदा त्यांनी प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं. दुसरा विचारला, तर त्याचं उत्तर तिच्याजवळ तीन तऱ्हांनी तयार होतं. एकही शेवट तिने गिळला नाही. किती वेळ गेला याचं तिला भान नव्हतं. एकदाच खिशातल्या फोनची आठवण झाली, तीही फोन बंद आहे म्हणून बरं वाटण्यापुरती.

"निकाल लागेपर्यंत मनाई कायम," बाई शेवटी म्हणाल्या आणि कागद मिटता मिटता पुढे म्हणाल्या, "जिना सोडून तुम्हीच येत जा."

या खेपेला ती दात दाखवून हसली.

बाहेर पाळणाघरवाल्या बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. त्यांच्या मुठीतल्या किल्ल्या तिच्या बोटांना रुतल्या. मग त्यांनी तिच्या कोटावरची नसलेली धूळ झटकली. टपालने गठ्ठा खाली ठेवून दोन बोटांनी सलाम ठोकला. ती कोर्टाच्या पायऱ्या अक्षरशः उड्या मारत उतरली. रिक्षात बसल्यावरही हसू ओठांवरून जाईना. आज ते विचारतील, आज बोललीस का, आणि आपण म्हणू, बोलले. काय, म्हणून विचारतील. मग पहिल्यापासून सांगू. म्हातारा कागदावर कसा वाकला तेही सांगू. ते कॉटवर उठून बसतील.

इस्पितळाची लिफ्ट फक्त पेशंटसाठी होती. ती जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आली. वॉर्डमधली बाबांची कॉट रिकामी होती आणि वरची चादर बदललेली, ताणून घातलेली. आई खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. तिच्या मांडीवर बाबांचा चष्मा होता. ती तो पदराने पुसत होती, बहुधा मघापासून.

"नेलं?"

"नेलं. झाला बराच वेळ."

ती कॉटच्या कडेवर बसली, मग चादर चुरगळली म्हणून उठली आणि उभीच राहिली.

"काही म्हणाले?"

"काय म्हणणार? तुझीच वाट." आईने चष्मा उजेडात धरून पाहिला. "पहिल्यांदा न्यायला आले तर हे सिस्टरला म्हणाले, माझी मुलगी जिन्यात आहे, पाच मिनिटं थांबा. चांगली होती बिचारी, थांबली. दुसऱ्या कोणाला तरी आधी नेलं. मी आपली जिन्यापर्यंत जाऊन आले."

आई बोलत राहिली.

"मग परत आले. परत तेच. मुलगी जिन्यात आहे, पोचतेच आहे. इतकं स्वच्छ बोलले, अगदी शाळेत बोलायचे तसं. मला वाटलं, यांना खिडकीतून दिसलीस की काय. मी खाली तळमजल्यापर्यंत उतरून पाहिलं. गुडघे दुखतात माझे, तरी उतरले. कुठे होतीस तू?"

"कोर्टात."

"मग ते असं का म्हणाले?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली रिक्षांची रांग होती आणि एक माणूस मोठी पिशवी छातीशी धरून रस्ता ओलांडत होता.

"हसत होते का ते? असं म्हणताना?"

आईने जरा विचार केला. "पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा नाही."

"आणि मग?"

"मग तिसऱ्यांदा आले. मीच म्हटलं, येईल हो ती, अजून जरा थांबायला सांगते. तर हाताने नको म्हणाले. आपणच चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, चला." आईने चष्म्याच्या काड्या मिटल्या. "सोडलं नाही का गं तुझ्या साहेबांनी?"

सोडलं नाही, असं म्हणता आलं असतं. आईने ते मानलंही असतं, आणि वर साहेबांना चार शब्द सुनावून स्वतःचं समाधान करून घेतलं असतं. वाक्य तयार होतं.

"कोर्टानेच सोडलं असतं," ती म्हणाली. "मागितलं असतं तर."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग तिने चष्मा डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली आणि पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला.

"तू जेवलीस का?" आईने विचारलं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसायला जागा नव्हती. आईला तिथल्या एकुलत्या खुर्चीवर बसवून ती जिन्यात आली आणि वळणावरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली. येणारे-जाणारे तिच्या कोटाकडे बघत, जरा अंग चोरून बाजूने जात. तिने फोन चालू केला. बाबांचे दोन फोन येऊन गेले होते. ती ते बघत असतानाच साहेबांचा आला.

"ऐकलं बरं का सगळं. म्हातारा स्वतः मला फोन करून म्हणाला, पोरगी तयार केलीस. शाबास. अशीच बोलत जा. आता बघ, उद्यापासून तुला दोन-तीन कामं पूर्ण देतो. रविवारी ये ऑफिसात, बसून ठरवू."

"हो, सर."

"आणि उद्या सकाळी पहिल्या कामात मला थोडा उशीर होईल. तेवढं सांभाळ. नेहमीसारखं."

वरच्या मजल्यावरून चाकांचा आवाज आला, जवळ आला आणि दुसरीकडे वळून गेला.

"हॅलो? आवाज घुमतोय तुझा. आहेस कुठे?"

"जिन्यात," ती म्हणाली.

पलीकडे साहेब मोठ्याने हसले, अगदी मनापासून, आणि त्यांचं हसणं थांबेपर्यंत ती फोन कानाशी धरून तशीच बसून राहिली.